जिंकणं आणि जिंकत राहणं : फायटिंग गेममधलं कौशल्य

(सोलापुरात झालेल्या व्याख्यानाचं हे शब्दांकन. बोलण्यातली वळणं शक्यतो तशीच ठेवली आहेत.)



आजचा विषय कळल्यावर दोघा-तिघांनी मला फोन केला. "सर, व्हिडिओ गेमवर तुम्ही बोलणार? खरंच का?" खरंच. मी आयुष्यभर तर्कशास्त्र आणि न्यायदर्शन शिकवलं, आता सत्तरी ओलांडली आहे. हा विषय मी हौसेनं घेतलेला नाही. त्याच्यामागे एक जुनं देणं आहे. ते काय, हे शेवटी सांगतो. आधी विषय.

फायटिंग गेम म्हणजे काय, हे ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी दोन वाक्यं. पडद्यावर दोन लढवय्ये समोरासमोर उभे असतात, एकेकाची सूत्रं एकेका माणसाच्या हातात असतात. वर दोन पट्ट्या असतात, मुलं त्यांना 'लाइफ' म्हणतात. मार बसला की पट्टी कमी होते, संपली की हरलात. १९९१ साली जपानच्या कॅपकॉम कंपनीचा 'स्ट्रीट फायटर टू' आला आणि माणसानं यंत्राशी नव्हे तर शेजारी उभ्या असलेल्या माणसाशी लढायचं, ही गोष्ट जगभर रुजली. आपल्याकडे नव्वदच्या दशकात पार्लर निघाली. सोलापुरातही निघाली. तिथं पुढे 'किंग ऑफ फायटर्स ९७' फार चालला. तीन-तीन लढवय्यांचा संघ घेऊन खेळायचा तो गेम. आज चाळिशी-पंचेचाळिशीत असलेल्या कुठल्याही सोलापूरकराला 'सत्त्याण्णव' म्हणा, तो गालात हसतो की नाही बघा.

आता पहिला गैरसमज. आपल्याला वाटतं, हा बोटांच्या चपळाईचा खेळ आहे. थोडा हिशोब करू. हे गेम साधारणपणे सेकंदाला ६० चित्रं या वेगानं चालतात. डोळ्यानं एखादी गोष्ट पाहून बोटानं बटण दाबायला माणसाला ढोबळमानानं सेकंदाचा पाचवा ते चौथा भाग लागतो. म्हणजे १२ ते १५ चित्रं निघून जातात. आणि या खेळातले झटपट ठोसे ४-५ चित्रांत येऊन लागतात. म्हणजे काय झालं? ठोसा दिसल्यावर अडवू म्हणाल तर उशीर झालेला असतो. तो येणार हे आधीच ओळखावं लागतं.

आणि ओळखणं सोपं नाही, कारण या खेळाची रचनाच तशी आहे. ठोसा मारणाऱ्यापुढे अडवणारा वरचढ. नुसता अडवून बसणाऱ्यापुढे पकडून फेकणारा वरचढ. आणि पकडायला जवळ येणाऱ्यापुढे ठोसा मारणारा वरचढ. दगड-कागद-कात्रीच आहे हे. फरक एवढाच की इथं प्रत्येक वेळी किंमत वेगळी असते, अंतर वेगळं असतं, आणि समोरच्याच्या सवयी तुमच्या लक्षात राहिलेल्या असतात. दोनदा त्यानं अडवलं, आता तिसऱ्यांदा अडवेल का? की मी पकडायला येणार हे ओळखून ठोसा मारेल? जपानी खेळाडू याला 'योमी' म्हणतात, म्हणजे वाचणं. समोरच्याचं मन वाचणं. आपल्या तालमीतला वस्ताद खडाखडीच्या वेळी हेच शिकवतो. हाताकडे बघू नको, तो कुठं वजन टाकतोय ते बघ.

याला पुरावा हवा असेल तर हांगचौची आशियाई स्पर्धा घ्या, २०२३ साली झालेली. तिथं 'स्ट्रीट फायटर फाइव्ह' पदकाचा खेळ होता. आपल्याकडून मयंक प्रजापती आणि अयान बिश्वास उतरले होते. सुवर्णपदक मिळालं दक्षिण कोरियाच्या किम ग्वान-वू यांना. वय किती? ४४. बोटांच्या चपळाईचाच खेळ असता तर विशीतल्या पोरांनी त्यांना टिकू दिलं नसतं.

तर, कौशल्य हे माणूस ओळखण्याचं आहे, एवढं धरून पुढे जाऊ. आता खरा प्रश्न. हे कौशल्य कशासाठी? तुम्ही म्हणाल, जिंकण्यासाठी, दुसरं काय! या उत्तरावर एक पुस्तक आहे, आज मला त्याचीच चिकित्सा करायची आहे. डेव्हिड सर्लिन हा अमेरिकन गेम-रचनाकार, स्वतः 'स्ट्रीट फायटर'चा स्पर्धक. त्याच्या पुस्तकाचं नाव 'प्लेइंग टु विन'. जिंकण्यासाठी खेळणं.

सर्लिनचं म्हणणं थोडक्यात असं. एक खेळाडू असतो, तो हरला की म्हणतो, 'हा काय खेळ झाला? सारखं पकडून फेकतोय! एकच लाथ पाच वेळा मारतोय! चीटिंग आहे हे.' सर्लिन विचारतो, कोणता नियम मोडला? गेमनं परवानगी दिली आहे, तू तोड शोधली नाहीस. अशा खेळाडूसाठी त्यानं 'स्क्रब' हा शब्द वापरला आहे. आपल्या मराठीत कच्चा लिंबू म्हणा. फरक एवढाच, की कच्च्या लिंबूला आपण कच्चा आहोत हे माहीत असतं. हा मनातल्या मनात नियम तयार करतो, ते दुसऱ्यावर लादतो, आणि हरला तरी 'मी नीतीनं खेळलो' म्हणून मिरवतो.

हे वाचताना मला आमचं पार्लर डोळ्यासमोर आलं. तिथंही असे नियम होते. कोपऱ्यात कोंडून एकच लाथ परत परत मारायची नाही. पहिल्या फेरीत पकड नाही. मोडला नियम की आरडाओरडा, तो मराठीत, कन्नडमध्ये, तेलुगूत आणि दख्खनीत, चारही भाषांत एकदम!

सर्लिनचं पहिलं म्हणणं मला शंभर टक्के मान्य आहे. आणि त्याला आपल्या मातीतला आधार आहे. खाशाबा जाधव १९४८ साली लंडनच्या ऑलिंपिकला गेले, तेव्हा गोळेश्वर-कोल्हापूरच्या मातीत घडलेल्या या मल्लापुढे गादी होती, गुण मोजण्याची पद्धत परकी होती. तिथं ते सहावे आले. 'ही काय कुस्ती झाली, कुस्ती मातीत होते', असं म्हणून परत येणं सोपं होतं. ते म्हणाले नाहीत. त्या नियमांतली कुस्ती शिकले आणि १९५२ साली हेलसिंकीत कांस्यपदक घेऊन आले. नियम परके वाटतात म्हणून कुणी अनीतिमान ठरत नाही. तोड शोधण्याची मेहनत टाळायची आणि टाळण्याला तत्त्वाचं नाव द्यायचं, ही फसवणूक आहे, आणि ती आपण खेळाबाहेरही पुष्कळ करतो.

पण सर्लिन इथं थांबत नाही. त्याच्या विवेचनाचा झोक असा की खेळाचे नियम यंत्रात आहेत, आणि उरलेलं सगळं खेळाडूंनी चिकटवलेलं. इथं मी त्याला अडवतो. त्याचंच उदाहरण घेऊन अडवतो. 'सुपर स्ट्रीट फायटर टू टर्बो' या गेममध्ये अकुमा नावाचा एक लढवय्या आहे. गेमनंच दिलेला, युक्ती करून निवडता येणारा. पण तो इतका वरचढ आहे की अमेरिकेतल्या स्पर्धांनी त्याच्यावर बंदी घातली. सर्लिनलाही ही बंदी मान्य आहे. का? कारण अकुमा आला की बाकीचा खेळच संपतो. सगळे अकुमाच घेणार. बरोबर आहे. पण मग हे यंत्रानं ठरवलं का? नाही. खेळणाऱ्यांनी ठरवलं. म्हणजे 'खेळ जिवंत राहतो की मरतो' ही कसोटी यंत्राच्या वरची आहे, आणि ती वापरणारे आपण आहोत. पार्लरमधली पोरं वेगळं काय करत होती? त्यांचे काही नियम भित्रेपणाचे होते, काही मात्र अकुमाच्या बंदीसारखे होते. 'सत्त्याण्णव'मध्ये अशा काही मारांच्या साखळ्या आहेत की एकदा सापडलात की सुटका नाही, लाइफ संपेपर्यंत हात चोळत बघत बसायचं. शेजारच्या गल्लीतलं नवं पोर रुपया टाकून आलं आणि अर्ध्या मिनिटात असं मेलं, तर ते उद्या येणार नाही. उद्या कुणीच आलं नाही तर तुम्ही जिंकणार कुणाला?

मग चांगला नियम कोणता आणि पळपुटा कोणता, हे ओळखायचं कसं? इथं मला माझ्या दर्शनाकडे यावं लागतं. न्यायसूत्रांत चर्चेचे तीन प्रकार सांगितले आहेत. वाद, जल्प आणि वितंडा. वाद म्हणजे सत्य शोधण्यासाठी दोघांनी केलेली चर्चा. गुरुशिष्यांत होते, सहाध्यायांत होते. तिथं हरणाऱ्याचाही फायदा होतो, कारण त्याची चूक गेली. जल्प म्हणजे जिंकण्यासाठी केलेली चर्चा, तिथं छल चालतो. छलाचं शाळकरी उदाहरण तुम्हाला ठाऊक असेल. कुणी म्हणालं, हा मुलगा नवकंबल आहे, म्हणजे याची कांबळ नवी आहे. प्रतिपक्षी म्हणतो, नऊ कुठं आहेत? एकच दिसते! आणि वितंडा म्हणजे स्वतःची बाजू मांडायचीच नाही, समोरच्याचं नुसतं पाडायचं.

आता गंमत बघा. न्यायसूत्रकार जल्पाला हाकलून देत नाहीत. ते म्हणतात, अंकुराच्या रक्षणासाठी शेताला काटेरी फांद्यांचं कुंपण घालतात, तसे जल्प आणि वितंडा हे निश्चित झालेल्या तत्त्वाच्या रक्षणासाठी आहेत. म्हणजे काट्यांना जागा आहे, पण ती बांधावर. शेतात काटेच पेरले तर खाणार काय?

माझं सर्लिनशी भांडण एवढंच आहे. स्पर्धा हा जल्प आहे, आणि जल्पात पकड चालते, कोपरा चालतो, एकच लाथ दहा वेळा चालते. मान्य. पण या कुंपणाच्या आत पीक कोणतं आहे? तो स्वतः एका ठिकाणी कबूल करतो की सतत जिंकण्यासाठीच खेळणारा नवं शिकत नाही, जिंकणं आणि शिकणं यांचं बरेचदा पटत नाही. पण त्याच्या मांडणीत शिकणं हे जिंकण्याचं नोकर आहे. मला ते उलटं दिसतं.

उलटं म्हणजे जिंकण्याला किंमत नाही, असं नव्हे. हा धोका मी ओळखून आहे. 'शिकण्यासाठी खेळतो, जिंकलो-हरलो सारखंच' असं म्हणत जो हात राखून खेळतो, तो समोरच्याला खोटा धडा देतो. त्याला आपण नुरा कुस्ती म्हणतो आणि मैदानातून हुर्यो उडवतो. पूर्ण ताकदीनं जिंकायचा प्रयत्न करणं, हाच समोरच्याला शिकवण्याचा प्रामाणिक मार्ग आहे. दोघांनीही तो केला तरच दोघांनाही काही कळतं.

या प्रकारातला जगात सर्वांत जास्त पाहिला गेलेला सामना घ्या. २००४, कॅलिफोर्निया, 'इव्हो' नावाची स्पर्धा, 'स्ट्रीट फायटर थ्री : थर्ड स्ट्राइक'. एका बाजूला जपानचा दाइगो उमेहारा, दुसऱ्या बाजूला अमेरिकेचा जस्टिन वाँग. दाइगोची लाइफ रेषेइतकी उरली आहे. वाँग अशी लाथांची सरबत्ती सोडतो की ती नुसती अडवली तरी थोडी थोडी इजा होतेच, म्हणजे अडवूनही दाइगो मरणार. एकच वाट आहे. या गेममध्ये मार लागण्याच्या ऐन क्षणी काठी मागे न ओढता पुढे, माराच्या दिशेनं दाबली, तर इजा होत नाही. वेळ चुकली तर संपलं. आणि पहिली लाथ दिसायच्या आधीच ठरवावं लागतं. दाइगोनं १५ च्या १५ लाथा अशा झेलल्या आणि उलट मारून ती फेरी जिंकली. सभागृह उभं राहिलं.

यातल्या दोन गोष्टी लोक विसरतात. पहिली, दाइगो ती स्पर्धा जिंकला नाही. अंतिम सामन्यात तो केंजी ओबाताकडून हरला. वीस वर्षांनंतरही लोक आठवतात तो क्षण मात्र दाइगोचा. दुसरी, तो क्षण निम्मा वाँगचा आहे. त्यानं दया म्हणून सरबत्ती सोडली नसती, तर झेलायला काय होतं? त्यानं नियमात बसणारी सर्वांत कठोर चाल केली, म्हणून समोरच्याला स्वतःची उंची कळली. स्पर्धेचं फळ हे असं दोघांच्या मध्ये लागतं, एकाच्या खिशात मावत नाही.

याच दाइगोनं मध्यंतरी खेळ सोडला होता. काही काळ त्यानं वृद्धांची शुश्रूषा करण्याची नोकरी केली. मग परत आला. त्याच्या पुस्तकाचं इंग्रजी नाव 'द विल टु कीप विनिंग', जिंकत राहण्याची इच्छाशक्ती. त्यातल्या विचाराचं सार असं की एखादी स्पर्धा जिंकणं हे ध्येय ठेवलं तर माणूस करपतो. रोज थोडं वाढणं हे ध्येय ठेवलं तर टिकतो. सर्लिनच्या आणि दाइगोच्या पुस्तकांची नुसती नावं शेजारी ठेवली तरी मला काय म्हणायचंय ते कळेल. जिंकणं एका दुपारचं असतं. जिंकत राहायला मात्र तुमच्यापेक्षा चांगला होत जाणारा प्रतिस्पर्धी लागतो. म्हणजे त्याचं चांगलं होणं ही तुमची गरज ठरते. जल्प इथं वादाकडे वळतो.

लाहोरचं उदाहरण देतो. २०१९ साली अर्सलान ॲश हा पाकिस्तानी तरुण, ज्याचं नाव बाहेर फारसं कुणी ऐकलं नव्हतं, व्हिसाच्या आणि प्रवासाच्या खस्ता खात जपानला पोहोचला आणि 'टेक्केन सेव्हन'ची इव्हो जपान जिंकला. त्याच वर्षी लास वेगासची इव्होही जिंकला, कोरियाच्या नी या मातब्बर खेळाडूला हरवून. जिंकल्यावर तो काय म्हणाला? आमच्याकडे माझ्या तोडीचे आणखी आहेत. त्याच सुमाराला नी स्वतः पाकिस्तानात गेला, तिथल्या पोरांशी खेळला, हरला, शिकला. आपल्याकडे म्हण आहे, वस्ताद एक डाव राखून ठेवतो. लाहोरच्या पार्लरांत रोज तीच माणसं एकमेकांसमोर येत होती, तिथं डाव राखून किती दिवस ठेवणार? आज मारलेल्या डावाची तोड उद्या समोरचा घेऊन येणार. त्यातून सगळेच वर चढले.

आता मघाचा प्रश्न. चांगला नियम कोणता? ज्यानं दोघंही उद्या परत येतात आणि उद्या दोघांनाही आजच्यापेक्षा जास्त येतं, तो. ज्यानं एकाचं अज्ञान झाकलं जातं, तो पळपुटा. आणि जिंकण्याच्या रीतीलाही हीच कसोटी लावा.

आजच्या ऑनलाइन खेळाबद्दल माझी काळजीही हीच आहे. खेळाडूंना आज पूर्वी नव्हतं ते सगळं मिळतं. कोणता ठोसा किती चित्रांत लागतो याचे तक्ते मिळतात, झालेला सामना परत बघता येतो. पण हरलात की समोरचा नाहीसा होतो आणि पडद्यावर तुमचा क्रमांक तेवढा उरतो. पार्लरमध्ये हरल्यावर तुम्ही जिंकणाऱ्याच्या शेजारीच उभे असायचात. 'ए, ती लाथ कशी अडवायची रे?' असं विचारता यायचं, आणि तो, थोडा भाव खाऊन का होईना, सांगायचा. ऑनलाइन खेळणाऱ्या मुलांना माझं एवढंच सांगणं आहे की सामना संपल्यावर समोरच्याला एक प्रश्न विचारा, किंवा त्याच्या एका प्रश्नाचं उत्तर द्या.

आता ते देणं.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. आमच्या बी. ए.च्या वर्गात पूर्व भागातला एक विद्यार्थी होता. घरात तेलुगू, वडील यंत्रमागावर. तर्कशास्त्राच्या तासाला येईना, हजेरी कमी पडली. मी त्याला शोधत नव्या पेठेजवळच्या एका पार्लरमध्ये गेलो. तो मशीनपुढे उभा होता. पार्लरचा कायदा साधा असतो. जिंकला तो उभा राहतो, हरला तो पुन्हा नाणं टाकतो किंवा घरी जातो. म्हणजे ज्याच्या खिशात एकच रुपया आहे, त्याला दुपारभर खेळायचं असेल तर जिंकणं भाग आहे. हा मुलगा मी बघत असताना अर्धा तास उभा होता.

मी म्हणालो, "काय करलालास रे इथं? बोटं नाचवून तर्कशास्त्र येतं का?"

तो म्हणाला, "बोटं नाहीत सर. समोरचा काय करणार ते आधी कळतं मला. तुम्ही एकदा उभारून बघा की."

अनुमान म्हणजे काय, हे मी वर्गात धूर आणि अग्नी यांच्यावरून शिकवत होतो. तो मला त्याचं जिवंत उदाहरण दाखवत होता. मी ऐकलं नाही. "मला उलट उत्तर देतोस?" म्हणालो. तो तर उलट बोललाच नव्हता. त्यानं मला बोलावलं होतं, मी त्याच्या शब्दांना दुसरा अर्थ चिकटवला. नवकंबल! सगळी पोरं बघत होती, तो मान खाली घालून बाहेर आला, आणि मला वाटलं मी जिंकलो. हजेरीचा प्रश्न वडिलांपर्यंत गेला. पुढच्या वर्षी त्याचं नाव पटावर नव्हतं.

गेल्या वर्षी तो भेटला. त्याचं मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे. मुलगा टेक्केन खेळतो. त्यानं मला दुकानात बसवलं आणि मुलाला सांगितलं, "सरांना शिकव." मी सतरा वेळा हरलो. त्या दुपारी मला कुणी एकदाही हसलं नाही. प्रत्येक वेळी मुलगा थांबायचा आणि सांगायचा, "आजोबा, तुम्ही घाबरला की मागं सरता, ते मला कळतं. आता सरू नका." अठराव्या खेपेला मी मागं सरलो नाही. हरलोच, पण माझा एक ठोसा लागला. बाप काउंटरमागून म्हणाला, "बघा सर, कळालं ना!"

एवढंच सांगायचं होतं. प्रश्न असतील तर विचारा, आणि माझं कुठं चुकलं असेल तर तेही सांगा. जल्प नको, वाद करू.